थाळनेरात एक दिवस

माघातली पहाट. तापीच्या दक्षिण काठावर तुम्ही नावेची वाट बघत कुडकुडत उभे आहात. साल 1399. पायात वहाणा, अंगावर पासोडी आणि कमरेच्या कशात दिल्लीच्या तुघलकांची थोडी नाणी. समोरच्या काठावर, साठेक फूट उंच दरडीवर, थाळनेरचा कोट धुक्यातून अर्धामुर्धा दिसतो आहे. त्याच्या मागे सातपुडा असायला हवा, पण तो अजून दिसू लागलेला नाही.

नावाडी कोळी. "कथा चालना भो?" अशा धाटणीचं काहीतरी विचारतो आणि उत्तराची वाट न बघता हाताला धरून तुम्हाला नावेत ओढतो. पावसाळ्यात इथून नावेशिवाय पलीकडे जाणं नाही. माघात उतार सापडतो, पण डोह कुठे आणि गाळ कुठे हे ठाऊक नसलेल्याने पाण्यात पाय घालू नये. वाळूत टरबुजांच्या वाड्या नुकत्याच धरल्या आहेत आणि बाया घागरीने आळ्यांना पाणी घालताहेत. नावेत तुमच्याबरोबर दोन शेळ्या, कापसाचं एक बोचकं आणि वरच्या अंगाहून, मेहूणकडून परतलेली एक म्हातारी आहे. शके 1219 मध्ये मुक्ताबाई तिथेच तापीकाठी गुप्त झाली. विजेचा तो कडकडाट स्वतः ऐकल्यासारखा म्हातारी सांगते. मध्ये शंभर वर्षं गेली आहेत हे तिच्या गावीही नाही.

तुम्ही जळगावचे किंवा धुळ्याचे असाल तर नावेतून दिसणारा हा मुलूख तुम्हाला देश वाटणार नाही, फार तर तालुका वाटेल. पण देशाची व्याख्या आकाराने ठरत नसते. युरोपातलं लक्झेंबर्ग 2586 चौरस किलोमीटरचं आहे. एकट्या जळगाव जिल्ह्यात तशी चार बसवून वर जागा उरते. लिख्टेनश्टाइन तर जेमतेम 160 चौरस किलोमीटरचं. तिथल्या वाडुझ या राजधानीत सकाळी उतरायचं, डोंगरावरचा राजवाडा खालूनच बघायचा, जेवायचं आणि संध्याकाळी परत स्वित्झर्लंड गाठायचं, असा प्रवाशांचा शिरस्ता. पैसेसुद्धा शेजाऱ्याचेच चालतात, स्विस फ्रँक. थाळनेरचंही तसंच आहे. इथला धनी मलिक राजा फारुकी. त्याने सुलतान म्हणून स्वतःचं नाणं पाडलेलं नाही. तुमच्या कशातली दिल्लीची नाणी इथे बिनतक्रार खपतात.

पश्चिमेला गुजरात, तिथे जाफरखान. उत्तरेला सातपुडा ओलांडला की माळवा, तिथे दिलावरखान. दक्षिणेला बहमनी, तिथे फिरोजशाह नुकताच तख्तावर बसला आहे. तिघेही मलिक राजापेक्षा कितीतरी मोठे. या तिघांच्या मध्ये तापीचं हे काळ्या मातीचं खोरं आहे आणि नाव काठाला लागली आहे.

दरडीची चढण दमवते. कोटाला एका बाजूने नदी आणि उरलेल्या तिन्ही बाजूंनी रुंद, खोल घळ. आत शिरायला एकच वाट, पूर्वेकडून. वाटेवर जकातीची चौकी. शिपाई शेकोटीपासून न उठताच विचारतो, "कुठला रे?"

"जळगावचा."

"कोणाचं ते? गुजरातचं, माळव्याचं, का दख्खनचं?"

तुम्ही गडबडता. ते इथलंच, तुमचंच, असं सांगितलं तर खोटं ठरत नाही, पण त्याच्या कपाळावर आठी पडते. त्याचा प्रश्न उद्धटपणाचा नाही. छोट्या देशाच्या वेशीवर नावागावाआधी हाच प्रश्न असतो: तुझ्यामागे कोणाची फौज आहे? कशातलं एक नाणं चौकीवर राहतं आणि तुम्ही आत जाता.

आत शिरल्यावर आधी वास येतो. लीद, ओला हरभरा, घाम, कातडं. हे घोड्यांचं गाव आहे. फिरिश्ता हा इतिहासकार पुढे लिहून ठेवील की मलिक राजाने बारा हजार घोडेस्वार उभे केले, आणि एवढी फौज पोसण्याइतका वसूल या मुलखात नव्हता. मग गोंडवनातल्या राजांकडून पैसा आणायचा, त्यातून घोडे पोसायचे, आणि तेच घोडे पुन्हा तिकडे पाठवायचे. घोड्यांसाठी खंडणी आणि खंडणीसाठी घोडे. थाळनेरचा कारभार इतका सरळ आहे.

नालबंदाच्या दुकानापुढे थोडं थांबा. घोड्याचा पाय मागे वळवून एकाने मांडीवर धरला आहे. दुसरा खुराची वाढ वाकड्या हत्याराने तासतो आहे आणि कुत्री त्या चकत्यांसाठी टपून बसली आहेत. नाल तापवत नाहीत, थंडच बसवून खिळे तिरपे ठोकतात. खिळ्याचं टोक खुराच्या बाहेर आलं की वळवून मोडायचं. एक खिळा आत मांसाला लागला आणि घोडा असा झटका देतो की पाय धरणारा शिव्या हासडत लिदीत बसतो. घोड्याचा मालक त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, खूर बघतो. या घोड्याची किंमत त्या माणसाच्या साऱ्या आयुष्याच्या कमाईहून जास्त आहे.

आणि घोडा आला कुठून? आखातातून गलबताने खंबायतेला, खंबायतेहून नंदुरबारच्या वाटेने इथे. म्हणजे गुजरातेतून. मलिक राजाने मागे नंदुरबार आणि सुलतानपुरावर हात टाकला तेव्हा याच जाफरखानाने उलट येऊन थाळनेरला वेढा दिला होता. तह करून कसाबसा जीव वाचला. ज्याच्याशी लढायचं त्याच्याच बंदरातून आलेल्या घोड्यावर बसून लढायचं, ही गंमत बाजारातल्या सौदागरांना ठाऊक आहे, पण ते बोलून दाखवत नाहीत. धंदा आहे.

त्यांच्यातला एक आज मात्र बोलतो आहे आणि भोवती गर्दी जमली आहे. दिल्ली लुटली गेली म्हणतो. समरकंदचा लंगडा तैमूर आला, दिल्लीत माणसं कापली, आणि महमूदशाह तुघलक शहर सोडून पळाला. कोणी म्हणतो अफवा, कोणी म्हणतो असं दरवर्षी ऐकतो. तुम्हाला माहीत आहे की बातमी खरी आहे, डिसेंबर 1398 मधली. सांगून उपयोग नाही. पण तिचा अर्थ ओळखणारं कोणी या गर्दीत आहे का ते बघा. शेला पांघरलेला एक कारकून काही न बोलता कोटाच्या दिशेने झपाझप निघाला आहे. त्याला कळलं असावं. आजवर थाळनेर ही दिल्लीची जहागीर होती, निदान कागदावर. आता दिल्लीच उरली नाही तर जहागीर कोणाची?

ही जहागीर मिळाल्याची कथा मोठी मजेची. फिरोजशाह तुघलक शिकारीत वाट चुकला, भुकेला होता. रानात एकटा शिकार करणारा एक स्वार भेटला, त्याने जवळचं होतं ते खाऊ घातलं. तो मलिक राजा. पुढे 1370 मध्ये बादशहाने त्याला थाळनेर आणि करवंद हे दोन परगणे दिले. करवंद आजच्या शिरपूरजवळचं. मलिक राजाने इथे आल्यावर बागलाणच्या बहिर्जी राजाला नमवलं, त्याच्याकडून आलेले हत्ती मोठ्या थाटात दिल्लीला रवाना केले आणि सिपाहसालार ही पदवी मिळवली. हत्ती स्वतःकडे ठेवले नाहीत, हे ध्यानात घ्या. हत्ती ठेवले असते तर पोसावे लागले असते. दिल्लीला पाठवले तर पदवी मिळाली. छोट्या धन्याला हे गणित यावं लागतं.

दुपार झाली. खानावळ वगैरे काही नाही. नदीकडच्या उतारावर एका झोपडीपुढे पऱ्हाट्या पेटवून बाई वांगी भाजते आहे. पाहुणा म्हणून बसायला सांगते, पण हात आखडता आहे. तीन वर्षांपासून पाऊस धड नाही. पुढे दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणून याची आठवण राहील, बारा वर्षांचा होता म्हणून सांगतील. पेवातली ज्वारी तळाला गेली आहे. काळ्या रानात दादर उभी आहे, पण कणसं बारकी. कडबा तर घोड्यांसाठी आधीच लिहिला गेला आहे, गाईबैलांच्या वाट्याला काय येईल ते येईल.

वांग्याची साल काळी पडून सुटते. बाई ती चिमटीने ओढून काढते आणि गर लाकडी बडगीत टाकून ठेचते. कांद्याची पात, लसूण, आल्याचा तुकडा, मीठ. तुम्ही सवयीने हिरवी मिरची शोधता. ती नाही. अजून शंभराहून जास्त वर्षं नाही. मिरची पोर्तुगिजांच्या गलबतांतून यायची आहे, शेंगदाणेही त्यानंतरचेच. तिखटपणा काय तो लसूण-आल्याचा, चिमूटभर पिंपळीचा. ज्वारी आणि उडदाच्या कळण्याची भाकरी मात्र जशीच्या तशी आहे, खरबरीत, उडदाने जड झालेली. मिरचीशिवाय भरीत म्हणजे काय असणार, असं मनात म्हणतच तुम्ही पहिला घास घेता. वांग्याची गोडी आणि धुराची चव, जी एरवी मिरची कधी कळू देत नाही, ती जिभेवर सावकाश पसरते. खरं सांगायचं तर हे जास्त चांगलं आहे. जळगावात बोलू नका.

शेजारच्या ओसरीवर चरखा फिरतो आहे. बाईला त्याचं कौतुक फार, तिच्या आजीकडे नुसती टकळी होती. पिंजाऱ्याच्या धुनकीचा आवाज दुपारभर सुरू असतो. सूत नंदुरबारकडे जातं, कापडही. घोडे येतात, कापड जातं. त्यातला फरक भरून काढायला तलवार.

मलिक राजा तुम्हाला दिसणार नाही. तो म्हातारा झाला आहे आणि एप्रिलात जाणार आहे. गुजरातच्या वेढ्यानंतर त्याने शेजाऱ्यांवरच्या स्वाऱ्या सोडल्या आणि शेती, बांधकामांकडे लक्ष घातलं असं सांगतात. घरातल्या दोन गोष्टींची मात्र सगळ्या गावाला माहिती आहे. एक, दौलताबादचे शेख झैनुद्दीन यांच्याकडून मिळालेला झगा. थोरल्या मुलाला, नसीरला, तो द्यायचा आहे आणि मग पिढ्यान् पिढ्या वारसाने वारसाला. दुसरी, सोयरीक. माळव्याच्या दिलावरखानाची मुलगी नसीरकडे आली आणि इकडची मुलगी दिलावरखानाच्या मुलाकडे, होशंगकडे गेली. साटंलोटंच. दिलावरखान जावयाच्या घरावर स्वारी करणार नाही, आणि गुजरात आली तर माळवा मदतीला येईल, असा हिशेब. बारा हजार घोड्यांना जे जमलं नाही ते दोन डोल्यांनी जमवायचं.

डोली हे या देशाचं खरं हत्यार आहे. दूर असीरगडावर आसा अहीर राहतो. गाई-म्हशींची खिल्लारं हजारोंनी, आणि या दुष्काळात तो भुकेल्यांना धान्य वाटतो आहे. मलिक राजाच्या मागे थोड्याच काळात नसीर त्याला निरोप पाठवील की शत्रू जवळ आले आहेत, माझ्या बायकामुलांना गडावर आसरा दे. पहिल्या दिवशी डोल्यांतून बायका येतील आणि आसाच्या घरच्या बायका त्यांचं स्वागत करतील. दुसऱ्या दिवशीच्या दोनशे डोल्यांत शिपाई असतील. स्वागताला पुढे आलेला आसा मुलांसकट मारला जाईल. आश्रयाचा असा मोबदला. या घराण्याच्या हुशारीचं कौतुक करताना हे विसरता येत नाही.

सूर्य कलला. दरवाजे बंद व्हायच्या आत उतरायला हवं. वाट वळणावळणाची, एकामागून एक पाच दरवाजांची. भिंती उतरत जातात तसा काळही उतरतो, तेव्हा पाय जपून टाका.

पहिला दरवाजा, 1417. बापाने मरताना वाटणी केली: थोरल्या नसीरला लळिंग, धाकट्या हसनला थाळनेर. लळिंग म्हणजे धुळ्याबाहेर आग्रा रोडवर डोक्यावर दिसतो तोच किल्ला. नसीरने माळव्याच्या सोयऱ्याची फौज आणून भावाकडून थाळनेर हिसकावलं. मागोमाग भावाच्या हाकेला गुजरातचा अहमदशाह आला. दोन भावांचं भांडण आणि दोन मोठ्या देशांच्या फौजा तापीकाठी.

दुसरा दरवाजा, 1437. लळिंगहून जनाजा येतो आहे, नसीरचा. त्याने मुलगी बहमनी शहजाद्याला दिली होती. नवरा तख्तावर बसल्यावर सवतीच्या नादाने तिची उपेक्षा करू लागला आणि तिने बापाला कळवलं. बाप वऱ्हाडावर चालून गेला, रोहणखेडला हरला, पळत लळिंगला आला आणि तिथेच संपला. एका डोलीचा हिशेब चुकला तो असा. राजधानी केव्हाच बुऱ्हाणपूरला गेली आहे, तापीच्याच वरच्या अंगाला. पण राजे मेल्यावर इथे येतात. मलिक राजा, नसीर, मग मीरान आदिल आणि 1457 मध्ये मीरान मुबारक. त्यांच्या कबरी डाव्या हाताला गावात आहेत. दगडी अष्टकोनी घुमटीवरचं नक्षीकाम उजेड आहे तोवर पाहून घ्या.

तिसरा दरवाजा, 1509. गर्दी गुजराती बोलते आहे. महमूद बेगडा जातीने थाळनेरात आला असून आपल्या मुलीच्या मुलाला, आलमखानाला, खानदेशच्या गादीवर बसवतो आहे. आजोबाने नातवाला दिलेला देश. ही सोयरीक पुढे उलटीही फिरली. 1537 मध्ये गुजरातचा बहादूरशाह दीवला पोर्तुगिजांच्या हातून मारला गेला, त्याला मूल नव्हतं, आणि गुजरातची गादी चालून आली ती त्याच्या बहिणीच्या मुलाकडे, खानदेशच्या मीरान मुहंमदशाहकडे. दीडशे वर्षं डोल्या पाठवल्याचं फळ. तो अहमदाबादला निघाला आणि वाटेतच वारला.

चौथा दरवाजा भरभर ओलांडा. जानेवारी 1601 मध्ये असीरगड अकबराच्या हाती पडला, देश संपला, सुभा झाला. थाळनेर आता फक्त सुरत ते बुऱ्हाणपूर वाटेवरचा मुक्काम आहे. 1610 मध्ये विल्यम फिंच इथून गेला. गाव, कोट आणि पावसाळ्यात नावेशिवाय न उतरता येणारी नदी त्याने टिपून ठेवली, आणि वाट चोरांची आहे हेही. पाच वर्षांनी टॉमस रो, मग ताव्हेर्निए. ताव्हेर्निएला नवापूरचा वासाचा तांदूळ लक्षात राहिला, थाळनेर त्याच्या यादीतलं नुसतं एक नाव.

पाचव्या, सगळ्यात बाहेरच्या दरवाजाशी तुम्हाला बाजूला सरावं लागतं. 27 फेब्रुवारी 1818. तुम्ही बाहेर निघालात आणि तांबड्या डगल्यांचे गोरे शिपाई आत. मागे जनरल टॉमस हिस्लॉप, महिदपूरची लढाई जिंकून आलेला. 6 जानेवारीच्या मंदसोरच्या तहात होळकरांनी थाळनेर आधीच इंग्रजांना देऊन टाकलं आहे. आत किल्लेदार तुळशीराम मामा आणि तीनेकशे अरबांची शिबंदी आहे. किल्लेदार बाहेर येऊन इंग्रजांच्या हाती लागला आहे, पण आतल्या अरबांशी बोलणी नीट झालेली नाहीत, कोणाला कोणाची भाषा धड कळत नाही. तुम्ही नुकत्याच ओलांडलेल्या आतल्या दरवाजाच्या दिंडीतून मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅग्रेगर थोड्या शिपायांनिशी शिरतील आणि तिथेच कापले जातील. मग सगळी शिबंदी. संध्याकाळी किल्लेदाराला फाशी.

पुढच्या वर्षी लंडनच्या पार्लमेंटात या युद्धातल्या फौजेचे आणि सेनापतींचे आभार मानायचा ठराव आला. गुजरात, माळवा आणि दख्खन या तिघांत चारशे वर्षं अडकलेल्या या गावाचं नाव तेव्हा लॉर्ड मंडळींच्या तोंडी आलं, वेडंवाकडं उच्चारलेलं. ठराव मंजूर झाला. थाळनेरच्या फाशीला हे आभार लागू नाहीत, एवढी पुस्ती त्याला जोडली गेली.